नांगर कुठे टाकावा?



या व्यासपीठावर मोठमोठी विद्वान माणसे बोलून गेली आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यापुढचे जे काही झाले ते बंदराच्या धक्क्यावर, होडीच्या फळीवर आणि युनियनच्या कचेरीत जुनी वर्तमानपत्रे वाचून झाले. तेव्हा चालकांचे पत्र आले त्या वेळी मला वाटले, कामगारांच्या चळवळीविषयी काहीतरी सांगा असे म्हणतील. पण पत्रात विषय निराळाच होता. तुमच्या गावातल्या चार तरुणांनी वर्गणी काढून एक लहान शिडाची होडी घेतली आहे. पावसाळा संपला की मुंबईहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचे असा त्यांचा बेत आहे. त्यांनी मला विचारले, ‘काका, दिवसा होडी हाकू, पण रात्री मुक्काम कुठे करायचा?’ या प्रश्नाचे उत्तर मला एका वाक्यात देता येईना, म्हणून आज हे तासाभराचे बोलणे.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावापासून समुद्र शंभर कोस, आम्हांला याचे काय? पण गाडीवान बैल सोडण्याआधी जागा बघतो, पाणी आहे का, आडोसा आहे का, पहाटे गाडी पुन्हा रस्त्याला लागेल का, हे तुमच्या आजोबांनी केलेलेच आहे. समुद्रावर तेच करायचे असते. फरक इतकाच की जमिनीवर जागा चुकली तर झोप बिघडते आणि समुद्रावर जागा चुकली तर होडी जाते. आपल्या भाषेत शेतकऱ्याच्या हातातल्या अवजाराला आणि होडीच्या लोखंडाला एकच शब्द आहे, नांगर. दोन्ही जमिनीत रुततात आणि दोन्हींचे पोटाशी नाते आहे. शेतकऱ्याचा नांगर पुढे जावा म्हणून रुतवायचा, आमचा जागचा हलू नये म्हणून.

माझे वडील शिडाच्या गलबतावर खलाशी होते. मंगलोरी कौले भरून ती गलबते मुंबईला येत. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण मुंबईपासून मंगळूरपर्यंतची प्रत्येक खाडी त्यांना पाठ होती. त्यांचे एक म्हणणे मी आजवर विसरलो नाही. ते म्हणत, ‘संध्याकाळचा वारा बघून नांगर टाकू नये, पहाटे तीनचा वारा बघून टाकावा.’

याचा अर्थ नीट समजून घेऊ. पावसाळा संपल्यानंतर, ऑक्टोबरपासून मेपर्यंत, कोकण किनाऱ्यावर वाऱ्याचा एक नेम असतो. दुपारी जमीन तापते आणि समुद्राकडून वारा सुटतो. तो बहुधा वायव्येकडून येतो. शाळेच्या पुस्तकात त्याला खारा वारा म्हणतात. सूर्य मावळला की तो मंद होतो. रात्री जमीन निवते आणि पहाटेकडे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहू लागतो, तो मतलई वारा. म्हणजे नांगर टाकताना वारा एका दिशेचा आणि झोपेत असताना दुसऱ्या दिशेचा. नांगराला बांधलेली होडी वाऱ्याबरोबर तोंड फिरवते. संध्याकाळी जिथे तिच्या पाठीमागे मोकळे पाणी होते, तिथे पहाटे खडक असू शकतो. म्हणून जागा निवडताना नांगराभोवती मनातल्या मनात पूर्ण वर्तुळ काढावे आणि त्या वर्तुळात खडक, उथळ पाणी, दुसऱ्याची होडी किंवा मच्छीमारांची डोल जाळी नाहीत ना, हे पाहावे.

आता पहिला प्रश्न, आडोसा कोणापासून? वारा, लाट आणि पाण्याची ओढ हे रात्रीचे तीन शत्रू आहेत. टेकडी वाऱ्याला अडवते. आपण टेकडीच्या अशा बाजूला उभे राहावे की वारा जमिनीवरून आपल्याकडे येईल. यात दुहेरी फायदा असतो. पाणी शांत राहते आणि यदाकदाचित नांगर सुटला तरी होडी मोकळ्या समुद्राकडे वाहत जाते. जागे व्हायला, शीड चढवायला वेळ मिळतो. याच्या उलट, वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे असताना किनाऱ्याला लागून उभे राहणे म्हणजे विहिरीच्या काठावर पाठ करून झोपणे होय. नांगर सुटला की पाच मिनिटांत खडक.

रत्नागिरीचे उदाहरण घ्या. रत्नदुर्गाची टेकडी समुद्रात घुसलेली आहे. तिच्या दक्षिणेला मिरकरवाड्याचा आणि भाट्याचा उपसागर, उत्तरेला मिऱ्याचा. वायव्येचा वारा असेल तर दक्षिणेची बाजू बरी, नैऋत्येचा जोर असेल तर उत्तरेची. गाव तेच आणि किल्ला तोच, पण वाऱ्याप्रमाणे मुक्कामाची जागा बदलते. ‘रत्नागिरीला चांगला निवारा आहे का?’ असे कोणी विचारले तर जाणता तांडेल उलट विचारतो, ‘वारा कुठला?’

लाटेचे मात्र वेगळे आहे. वारा टेकडीला अडतो, पण लाट टेकडीला वळसा घालून आत येते. शिवाय वारा पडला तरी लाट पडत नाही. शेकडो कोसांवर, भर समुद्रात कुठेतरी वादळ झालेले असते आणि त्याची लांब, संथ लाट आपल्या किनाऱ्यावर दोन दिवसांनी येऊन पोचते. आकाश निरभ्र, वारा नाही आणि होडी मात्र रात्रभर पाळण्यासारखी हेलकावे खाते. म्हणून पुळणीकडे बघावे. जिथे किनाऱ्यावर पांढरा फेस सतत फुटतो आहे, तिथे वारा नसला तरी निवारा नाही. हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राकडून आता अशा लाटांचीही आगाऊ सूचना मिळते. ती निघण्यापूर्वी पाहावी. आमच्या वडिलांच्या वेळी ही सोय नव्हती, तुम्हांला आहे.

पाण्याच्या ओढीला खाडीच्या तोंडाशी जोर असतो. खाडीच्या आत गेलो की लाट संपते, म्हणून खाडी हा कोकणातला उत्तम निवारा. परंतु आत जाणे सोपे नसते. अनेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा साचतो. रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी तो आहे, आंजर्ल्याला जोग नदीच्या तोंडाशी आहे. ओहोटीचे पाणी जोराने बाहेर येत असते, समोरून समुद्राची लाट आत येत असते, आणि दोघांची गाठ त्या दांड्यावर पडते. तिथे लाट उभी राहते आणि फुटते. तेव्हा नियम असा की खाडीत शिरायचे ते भरती चढत असताना. चढत्या भरतीत एखादे वेळी होडी वाळूला टेकली तरी थोड्या वेळाने पाणीच तिला उचलते. उतरत्या पाण्यात टेकली तर ती तिथेच बसते आणि लाटा तिला फोडतात.

दांडा नसलेली आणि आत शांत पाणी असलेली ठिकाणे किनाऱ्यावर थोडी आहेत, आणि ती आपल्या पूर्वजांनी ओळखली होती. वाघोटण खाडीच्या तोंडाशी विजयदुर्ग आहे, त्याच खाडीत गिर्ये गावी मराठ्यांच्या आरमाराची गोदी होती. शास्त्री नदीच्या मुखाशी जयगड आहे. आपण किल्ले पाहतो ते तोफा आणि बुरूज पाहण्यासाठी. खलाशी किल्ला पाहतो तेव्हा त्याला कळते की इथे कोणाला तरी आपली गलबते सुखरूप ठेवायची होती. पण म्हणून प्रत्येक किल्ल्याखाली डोळे मिटून जाऊ नये. मालवणला सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडकांचे जाळे आहे. तिथली वाट तिथल्या माणसालाच ठाऊक. अनोळखी माणसाने अंधारात तिथे शिरू नये, दिवसाउजेडीसुद्धा स्थानिक मच्छीमाराला विचारून शिरावे. विचारण्यात कमीपणा नाही.

दुसरा प्रश्न, तळ कसला? नांगर किती जड आहे यापेक्षा तो कशात रुतला आहे याला महत्त्व जास्त. घट्ट चिखल आणि घट्ट वाळू उत्तम. पातळ गाळात नांगर लोण्यातून सुरी जावी तसा सरकतो. खडकात एकतर धरतच नाही, आणि धरला तर असा अडकतो की सकाळी दोर कापून नांगर तिथेच सोडावा लागतो. पाण्याखालचा तळ ओळखण्याची जुनी युक्ती आहे. दोरीला शिशाचे वजन बांधायचे, त्याच्या बुडाशी खळगा असतो, त्यात चरबी किंवा साबण भरायचा आणि वजन खाली सोडायचे. पाणी किती वाव आहे ते दोरीवरून कळते, आणि वर आल्यावर साबणाला वाळू चिकटली, चिखल चिकटला की काहीच चिकटले नाही, यावरून तळ कळतो.

तिसरा प्रश्न, दोर किती सोडायचा? इथे नव्या माणसाची चूक ठरलेली. त्याला वाटते, नांगर तळाला पोचला म्हणजे झाले. नांगर वजनाने होडी धरत नाही, तो आडव्या ओढीने जमिनीत रुततो आणि उभ्या ओढीने उपटून येतो. दोर जितका लांब तितकी ओढ आडवी. म्हणून पाण्याच्या खोलीच्या पाच ते सातपट दोर सोडावा असे सांगतात. पण कोणत्या खोलीच्या? आकडे मांडून पाहू. समजा ओहोटीला पाणी ३ मीटर आहे. होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाण्यापासून १ मीटर उंच. एकूण ४. सातपट म्हणजे २८ मीटर. तेवढा दोर सोडून तुम्ही निश्चिंत झोपलात. सहा तासांनी भरतीचे २ मीटर पाणी चढले. आता उंची ६ मीटर झाली आणि दोर तोच २८. म्हणजे सातपट होता तो पाचपटीच्याही खाली आला. वारा वाढण्याची वेळ आणि भरतीची वेळ एकच असली की नांगर सुटतो, आणि माणूस म्हणतो नशीब फुटके! नशिबाचा यात काही संबंध नाही, हिशेब चुकलेला असतो. भरतीच्या उंचीवर हिशेब केला असता तर ४२ मीटर दोर लागला असता. हा फरक सगळीकडे सारखा नसतो. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीमध्ये चार मीटरहून अधिक अंतर पडते. दक्षिणेला मालवणकडे ते निम्म्याच्या आसपास येते. भांगाच्या दिवसांत दोन्हीकडे कमी. तेव्हा तिथी पाहावी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे कोळ्याच्या पोरालाही ठाऊक असते.

नांगर पडल्यावर होडी मागे जाऊ द्यावी, दोर ताणावा आणि ताणलेल्या दोरावर तळहात ठेवावा. नांगर धरला असेल तर दोर ताठ आणि मुका असतो. घसरत असेल तर दोर हाताखाली थरथरतो, तळावरून लोखंड फरफटल्याचे हाताला समजते. मग किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धराव्या, पुढे देवळाचा कळस आणि मागे डोंगरावरचे झाड. दुसऱ्या बाजूलाही अशीच एक जोडी. वारा फिरल्यावर होडी झुलेल तेवढ्या खुणा हलतील, पण वारा तोच असताना त्या सरकू लागल्या तर होडी वाहू लागली आहे असे समजावे. डोलकाठीवर चहूकडून दिसणारा पांढरा दिवा लावावा. आंतरराष्ट्रीय नियमही तसाच आहे. आणि दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ असे जिथे फेरीबोटीचे जाणेयेणे आहे, तिथे त्या वाटेत उभे राहू नये.

चौथा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारला जातो, आणि तो सगळ्यांत आधी विचारावा. बाहेर कसे पडायचे? रात्री दोन वाजता वारा फिरला, जागा वाईट झाली, तर अंधारात, लाटेत इथून निघता येईल का? ज्या जागेतून निघता येत नाही तो निवारा नव्हे, तो सापळा. म्हणून सूर्यास्ताच्या आधी निदान दोन तास जागेवर पोचावे. आत येताना खुणा पाहाव्या, बाहेरची दिशा कंपासावर लिहून ठेवावी, आणि ही जागा न जमल्यास दुसरी कोणती, हे आधीच ठरलेले असावे.

हे मला पुस्तकाने शिकवले नाही. १९९० च्या सुमाराची गोष्ट. मी एकोणीस-वीस वर्षांचा, मासेमारीच्या एका बोटीवर खलाशी होतो. मेचा शेवट. तांडेलाच्या मनात होते की चार वाजताच्या भरतीला खाडीत शिरावे. पण आत शिरलो तर पहाटे निघता येणार नाही, ओहोटी असेल आणि लिलावाला उशीर होईल. मालकाची ताकीद होती की पहिल्या लिलावाला माल धक्क्यावर पाहिजे. म्हणून खाडीच्या तोंडाबाहेर, उघड्यावर नांगर टाकला. रात्री नैऋत्येचा वारा उठला आणि नांगर घसरू लागला. दोर ओढून घेताना माझ्या सोबत्याचा हात दोर आणि कठड्याच्या मध्ये सापडला. इंजिन वेळेवर सुरू झाले म्हणून आम्ही वाचलो, पण त्याची दोन बोटे गेली. लिलाव चुकला तो चुकलाच. पुढे हिशेबाच्या दिवशी आम्हां सगळ्यांच्या वाट्यातून त्या रात्रीचे नुकसान कापले गेले. त्या दिवशी मला पहिल्यांदा प्रश्न पडला की नांगर कुठे टाकायचा हे ठरवतो कोण? होडीवर असतो तो, की धक्क्यावर असतो तो?

मंडळी, माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा इथे आहे. वर सांगितलेले चारही प्रश्न आमच्या तांडेलांना तोंडपाठ आहेत. त्यांना ज्ञान कमी नाही, त्यांच्या हातात अधिकार कमी आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले. त्याची सूचना काही दिवस आधीच मिळालेली होती. तरी मुंबईबाहेर तेलक्षेत्रात कामगारांची वस्ती असलेला एक मोठा तराफा नांगरावर उभा राहिला. वादळात त्याचे नांगर तुटले आणि तो बुडाला. त्याच्यावर २६१ माणसे होती, त्यांतली सत्तरहून अधिक परत आली नाहीत. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून उरलेल्यांना काढले, त्यांचे उपकार मानावे तितके थोडे. पण ज्या वादळाची वर्दी आधी आली, त्यात माणसांना उघड्यावर उभे ठेवायला नको होते.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच किनाऱ्यावरचे आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात केरळ आणि तामिळनाडूकडच्या साठाहून अधिक बोटी सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. त्यांवर नऊशेहून अधिक मच्छीमार होते. भाषा निराळी, गाव निराळे, पण देवगडच्या बंदराने त्यांना आसरा दिला. लिलावाचा, मालाचा, कोणाच्या हद्दीचा विचार न करता ते निवाऱ्याला आले, म्हणून घरी गेले.

आमची मागणी साधी आहे. निवाऱ्याच्या बाबतीत तांडेलाचा शब्द शेवटचा असावा. वाईट हवेमुळे बोट एक रात्र खाडीत थांबली तर त्या रात्रीचे पैसे खलाशाच्या वाट्यातून कापू नयेत. धक्क्यावर तीन नंबरचा बावटा लागला असताना कोणी फोनवरून ‘निघा’ म्हणू नये. अनेक मालक हे मानतात, तेही बरेचदा खलाशाचेच मुलगे असतात, आणि कर्जाचा हप्ता त्यांनाही झोपू देत नाही, हे मी जाणतो. पण हप्ता पुढच्या महिन्यात भरता येतो.

स्वतःकडेही बोट दाखवले पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी धक्क्यावरच्या हमालांचा एक संप घडवला. मागणी रास्त होती, माणसे एकदिलाची होती, आणि मी भरतीच्या जोरावर आत शिरलो. बाहेर कसे पडायचे, हा चौथा प्रश्न मी विचारलाच नव्हता. दीड महिन्याने माणसे हात हलवत परत कामावर गेली, आणि दोन घरांतल्या मुलांची शाळा सुटली. वडिलांनी शिकवलेली गोष्ट मला होडीवर कळत होती, पण जमिनीवर कळायला ती दोन घरे खर्ची पडली. तेव्हापासून सभेत कोणी ‘पुढे चला’ म्हणाला की मी विचारतो, वारा फिरला तर जायचे कुठे?

आता पुन्हा माझ्या चार तरुण मित्रांकडे वळतो. मुलांनो, पावसाळ्यात निघू नका. मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते, ती माशांसाठी तशी माणसांसाठीही आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळाची सूचना रोज ऐका. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाने याच किनाऱ्यावर, पावसाळा संपला असे मानून गेलेल्या मच्छीमारांना गाठले होते. रोजचा पल्ला असा ठरवा की चार वाजता नांगर तळाला लागलेला असेल. पोचायला उशीर होतो आहे असे दिसले तर आधीचे बंदर घ्या. तुमच्यापैकी एकाला जरी जागा वाईट वाटली तरी ती जागा सोडा, बहुमत घेऊ नका. आणि एकाने पाळीने जागे राहा.

खाडीत रात्री थांबाल तेव्हा शेजारी मच्छीमारांच्या बोटी उभ्या असतील. त्यांच्यापासून बेताच्या अंतरावर नांगर टाका, मग त्यांना हाक मारून विचारा, ‘तांडेलमामा, इथे उभे राहिलो तर चालेल का?’ ते तुम्हांला खरे उत्तर देतील, कदाचित भाताबरोबर कालवणही देतील. तुमची ती सहल असेल आणि त्यांची ती नोकरी, पण वारा फिरला तर तो दोघांनाही सारखाच फिरतो. तुम्हांला उठून निघून जाण्याची मुभा असेल, त्यांना असेलच असे नाही. परत आल्यावर याच व्यासपीठावर तुम्ही गोष्टी सांगाल तेव्हा ही गोष्टही सांगा, एवढी माझी तुमच्याकडे मागणी आहे.